बर्फ साचला म्हणजे गॅस गेला, असं नाही

मी लातूरला घरीच कोंबुचा करते, म्हणजे आंबवलेला चहा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेला की बरणी ओट्यावर ठेवून भागत नाही. त्यासाठी पन्नास लिटरचा छोटा फ्रिज घेतला. उन्हाळ्यात त्याला तापमान राखणारा वेगळा कंट्रोलर लावून 25 अंशांवर बरणी ठेवते, पावसाळ्यात 4 अंशांवर भरलेल्या बाटल्या.

यंदा जुलैत आतल्या पत्र्यावर, म्हणजे ज्यातून गॅस फिरून गारवा येतो त्यावर, बोटभर बर्फ चढला. तळाला पाणी, बाटल्यांना घाम, दाराच्या रबराच्या घडीत काळी बुरशी. नेटवर मिळालेल्या नंबरवर फोन केला. मेकॅनिक आला आणि दार उघडताच म्हणाला, "ताई, गॅस उतरलाय, भरावा लागतोय." 2,800 रुपये सांगितले. फ्रिज बंद करून बर्फ वितळवला, आतून पुसून काढला. मग म्हणाला, "तेवढा चहा टाका की." मी स्वयंपाकघरात असताना फुस्सकन आवाज आला. बाहेर आले तर, "झालं बघा." पैसे मोबाईलवरून दिले, बिल मात्र "दुकानावर या, देतो."

आठवडाभर फ्रिज छान चालला, नंतर पुन्हा तोच बर्फ. फोन केला तर म्हणाला, "दुसरीकडं लीक असंल, परत भरावं लागंल." त्यानंतर फोन उचलणंच बंद केलं.

शेवटी गल्लीतल्या मामांना बोलावलं. ते चाळीस वर्षं फ्रिजच दुरुस्त करतात. त्यांनी फ्रिज भिंतीपासून ओढला आणि बॅटरीच्या उजेडात कॉम्प्रेसरजवळची चार्जिंगची नळी दाखवली. कंपनीने दाबून, झाळून बंद केलेलं टोक जसंच्या तसं होतं, वर जुनी धूळसुद्धा. "हे उघडल्याबिगर गॅस जाणार कुठून, पोरी?" त्या माणसाने गॅस भरलाच नव्हता. बर्फ काढला तेवढ्यानेच फ्रिज आठ दिवस बरा वाटला. कुठलाही फ्रिज वाटेल, आणि हे लोक त्यावरच पैसे काढतात.

गॅस कमी झाला तर पत्र्याच्या एका टोकालाच बर्फ धरतो, बाकीचा भाग कोरडा राहतो, असं मामांनी सांगितलं. माझ्याकडे सगळीकडे सारखा बर्फ होता. म्हणजे गॅस ठीक, बाहेरची ओल आत येते.

ती कुठून? त्यांनी दहाची नोट दारात धरून दार लावलं आणि नोट ओढली. वर घट्ट बसली. खालच्या कोपऱ्यात अलगद हातात आली. उन्हाळ्यात कंट्रोलरच्या सेन्सरची वायर मी तिथूनच आत घेतली होती. वायर काढली, पण रबराला खळी पडून राहिली. मे महिन्यात त्याचा त्रास जाणवला नाही, कारण तेव्हा आपल्याकडची हवा कोरडी असते आणि फ्रिजही 25 वर होता. जुलैच्या दमट हवेत घनमीटरमागे 18-20 ग्रॅम पाणी असतं. 4 अंशांच्या हवेत जेमतेम साडेसहा ग्रॅम मावतं. उरलेलं पत्र्यावर गोठतं. फट रात्रंदिवस उघडी, म्हणजे बर्फ चढतच राहणार.

मामांनी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल रबरावर धरला, खळी बोटांनी ओढून सरळ केली आणि बुरशी पुसली. चहा घेतला, पैसे घेतले नाहीत. आता बाटल्या पुसूनच आत ठेवते, सिलिका जेलची पुडी ठेवते, आणि बर्फ चढलाच तर फ्रिज बंद करून वितळू देते. चाकू किंवा स्क्रू ड्रायव्हर अजिबात लावू नका. पत्र्याला भोक पडलं तर गॅस खरोखरच जाईल.

कुणी गॅस भरायचं म्हटलं तर आधी नोट लावून पाहा. मागच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि ग्रॅम छापलेले असतात, किती भरणार ते विचारा, काट्यावर मोजायला लावा. भरेपर्यंत समोरून हलू नका. बिल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्याकडे बिल नाही. मोबाईलवरची पावती आणि त्या नळीचा फोटो आहे. तेवढ्यावर मी 1915 या ग्राहक हेल्पलाईनला तक्रार केली आहे.