नोकरी शोधणाऱ्या वाणिज्य विद्यार्थ्यासाठी कंपनीचा वार्षिक अहवाल : एक परीक्षण

बडोद्यात बी.कॉम. करणारी किंवा सीए इंटरमीडिएटच्या तयारीत असलेली मुले एखाद्या कंपनीविषयी माहिती हवी असली की आधी ओळखीच्या काका-मामांना विचारतात, मग मोबाईलवर कर्मचाऱ्यांनी दिलेले तारे पाहतात आणि बहुधा तिथेच थांबतात. शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळणाऱ्या वार्षिक अहवालाकडे कोणी वळत नाही, कारण तो गुंतवणूकदारांसाठी असतो अशी समजूत आहे. मी येथील एका कारखान्याच्या लेखा विभागात बरीच वर्षे काम करते आणि दांडिया बाजारातल्या आमच्या ओळखीच्या घरांतील मुले करिअरविषयी विचारायला आली की त्यांच्यापुढे हाच अहवाल ठेवते. लेखा आणि वित्त क्षेत्रात नोकरी शोधणाऱ्याला याहून उपयुक्त कागद दुसरा नाही असे माझे ठाम मत आहे. त्यातील आकड्यांखाली संचालकांच्या आणि लेखापरीक्षकांच्या सह्या असतात, आणि चुकीच्या माहितीसाठी त्यांना कायद्यापुढे उभे राहावे लागते.

मिळवण्याची सोय उत्तम आहे. मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकले की गेल्या अनेक वर्षांचे अहवाल एकाखाली एक मिळतात. नोंदणी नको, शुल्क नको. बडोदेकर विद्यार्थ्याला तर घराजवळच वाचण्याजोगे पुष्कळ आहे. १९०७ साली सुरू झालेल्या अलेम्बिकच्या वारशातील अलेम्बिक फार्मास्युटिकल्स, फर्टिलायझरनगरची खत कंपनी जीएसएफसी, गुजरात अल्कलीज, मकरपुऱ्यातील व्होल्टॅम्प, डिसेंबर २०२३ मध्ये बाजारात नोंदलेली आयनॉक्स इंडिया, आणि नोंदणीकृत कार्यालय बडोद्यातच असलेली सन फार्मा, या सर्वांचे अहवाल तिथे आहेत.

अध्यक्षांचे पत्र आणि चकचकीत छायाचित्रे सोडून सरळ संचालक मंडळाच्या अहवालाच्या परिशिष्टांकडे जावे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला प्रत्येक संचालकाचे मानधन कर्मचाऱ्यांच्या मध्यक वेतनाच्या (सर्वांचे पगार क्रमाने लावले की मधोमध येणाऱ्या पगाराच्या) किती पट आहे हे जाहीर करावे लागते. मध्यक वेतनात वर्षभरात किती टक्के वाढ झाली आणि कायम कर्मचारी किती आहेत, हेही तिथेच असते. संचालकाचे मानधन दुसऱ्या पानावर रुपयांत दिलेले असल्याने त्याला त्या पटीने भागले की मध्यक वेतन हाती येते. मुलाखतीत पगाराविषयी बोलण्यापूर्वी हा एक भागाकार करून जाणारा विद्यार्थी मला अजून क्वचितच भेटला आहे.

त्याहून बोलका भाग म्हणजे बीआरएसआर, अर्थात कंपनीची सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारी मांडणारा अहवाल. बाजारमूल्यानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या १००० कंपन्यांना तो २०२२-२३ या वर्षापासून सक्तीचा झाला. नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण त्यात तीन वर्षांसाठी, स्त्रिया आणि पुरुष असे वेगळे दिलेले असते. प्रसूती रजेनंतर किती जणी परत आल्या आणि त्यांतील किती टिकून राहिल्या, हेही असते. मुलींनी हा तक्ता सर्वांत आधी पाहावा असे मी आग्रहाने सांगते. ‘आमच्याकडे महिलांसाठी पोषक वातावरण आहे’ असे प्रत्येक कंपनी म्हणते, परंतु रजेवरून परतलेल्या स्त्रिया पुढच्या वर्षी तिथे दिसत नसतील तर त्या वाक्याला अर्थ उरत नाही.

वित्तीय विवरणपत्रांच्या टिपांमध्ये एक जागा अशी आहे जिच्याकडे लेखाशास्त्र शिकणारेही लक्ष देत नाहीत, ती म्हणजे ग्रॅच्युइटीची टीप. भविष्यात द्यावयाच्या ग्रॅच्युइटीचा अंदाज बांधताना विमागणितज्ञाला पगारवाढीचा दर आणि कर्मचारी सोडून जाण्याचा दर गृहीत धरावा लागतो, आणि हे दोन्ही दर तिथे छापलेले असतात. हे गृहीतक कंपनीच्या अनुभवावरून येते आणि त्यावर लेखापरीक्षकाची नजर असते. भरतीच्या भाषणात भरघोस वाढीचे आश्वासन देणारी कंपनी स्वतःच्या हिशेबात किती वाढ धरते, हे या एका ओळीतून कळते. एकाच अहवालावर मात्र विसंबू नये. तीन वर्षांचे दर शेजारी मांडले की कल स्पष्ट होतो.

आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठी फर्ममध्ये करावयाची उमेदवारी, शोधणाऱ्यांना याच अहवालाचा आणखी एक उपयोग आहे. सीए अभ्यासक्रम चालवणाऱ्या आयसीएआय या संस्थेच्या १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. शिकण्याचा काळ एक वर्षाने आटल्यामुळे फर्मची निवड अधिकच महत्त्वाची झाली आहे. लेखापरीक्षकाच्या अहवालाच्या शेवटी फर्मचे नाव, भागीदाराचा सदस्यत्व क्रमांक आणि सहीचे ठिकाण असते. ठिकाण ‘वडोदरा’ असेल तर त्या ऑडिटचे काम निदान काही प्रमाणात इथल्या कार्यालयातून होत असण्याची शक्यता मोठी, आणि ‘मुंबई’ असेल तर इथे फर्मची शाखा असूनही मोठे काम तिच्याकडे येतेच असे नाही. दहा-बारा स्थानिक कंपन्यांचे अहवाल चाळले की कोणती फर्म कोणत्या उद्योगात काम करते याचा नकाशा तयार होतो, आणि तो एखाद्या दुपारी स्वतः तयार करता येतो. हाच शोध सीएमएच्या, म्हणजे कॉस्ट अकाउंटन्सीच्या, विद्यार्थ्यांनीही करावा. बडोद्याचा उद्योग रसायने, खते आणि औषधे यांभोवती उभा असल्याने कॉस्ट ऑडिट, म्हणजे उत्पादन खर्चाच्या हिशेबाची तपासणी, इथे रोजच्या व्यवहाराचा भाग आहे, आणि कॉस्ट ऑडिटरचे नाव व मानधन वार्षिक सभेच्या सूचनेत मंजुरीसाठी मांडलेले असते.

उणिवाही आहेत, आणि त्या लहान नाहीत. बहुतेक अहवाल इंग्रजीत आणि काही शे पानांचे असतात. पहिल्यांदा वाचणारा गोंधळून जातो. मध्यक वेतन साऱ्या कंपनीचे एकत्र काढलेले असल्याने प्लांटवरील कामगार आणि लेखा विभागातील कारकून एकाच आकड्यात बसतात. कंत्राटी कर्मचारी मध्यक वेतनाच्या गणनेत सहसा येत नाहीत, आणि नव्या पदवीधराची पहिली नोकरी अनेकदा कंत्राटीच असते. विभागप्रमुख कसा आहे, मार्चअखेर रात्री किती वाजतात, सीएच्या परीक्षेसाठी रजा मिळते का, यांतले काहीही तिथे सापडणार नाही. त्यासाठी तिथे काम करणाऱ्या माणसाशीच बोलावे लागते. बँकांच्या बाबतीत आणखी एक फरक लक्षात ठेवावा. महाराजा सयाजीरावांच्या प्रेरणेने १९०८ साली बडोद्यात सुरू झालेली बँक ऑफ बडोदा १९ जुलै १९६९ रोजी राष्ट्रीयीकृत झाली. ती कंपनी कायद्याखालील कंपनी नसल्याने वर सांगितलेला कलम १९७ चा तक्ता तिच्या अहवालात शोधू नये.

सर्वांत मोठी मर्यादा अशी की हा अहवाल शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांपुरताच उपलब्ध आहे, आणि मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील असंख्य खासगी कंपन्या त्यात येत नाहीत. तिथे दोन सरकारी सेवा उपयोगी पडतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची स्थापना, भांडवल आणि संचालक यांची मूलभूत माहिती विनामूल्य दिसते, आणि १०० रुपये भरून तिने दाखल केलेली सार्वजनिक कागदपत्रे पाहता येतात. त्यांत ताळेबंद असतो आणि कंपनी फार लहान नसेल तर कॅरो २०२० या सरकारी आदेशाखालील लेखापरीक्षकाचे निवेदनही. भविष्यनिर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा यांचे पैसे वेळेवर भरले जातात का, सहा महिन्यांहून जुनी थकबाकी आहे का, याचे उत्तर लेखापरीक्षकाला त्यात द्यावेच लागते. ‘काही ठिकाणी विलंब झाला’ अशा अर्थाचे वाक्य दोन वर्षे सलग आले तर त्या कंपनीत पगाराच्या तारखेविषयी अवश्य चौकशी करावी. दुसरी सेवा म्हणजे ईपीएफओ या भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावरील आस्थापना शोध. कोणत्या महिन्याचा निधी कोणत्या तारखेला आणि किती कर्मचाऱ्यांसाठी भरला, हे तिथे पाहता येते. कर्मचाऱ्यांची संख्या महिन्यामागून महिना घटत असेल, तर भरतीची जाहिरात कितीही आकर्षक असली तरी सावध व्हावे.

निनावी अभिप्रायांची संकेतस्थळे मी टाकाऊ मानत नाही. मात्र ती शेवटी वाचावीत, म्हणजे एखाद्याची तक्रार आकड्यांशी जुळते की नाही हे ताडून पाहता येते.

कंपन्यांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यावी लागते आणि तिच्या निदान एकवीस दिवस आधी अहवाल पाठवावा लागतो. त्यामुळे बहुतेक नवे अहवाल जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत येतात. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने श्रावण-भाद्रपदात घरापासून जवळच्या तीन कंपन्या निवडून वाचनाला आरंभ करावा. पहिल्या अहवालाला दोन संध्याकाळी लागतील, तिसऱ्याला तासभर पुरेल.