ह्यूस्टन की लॉस एंजेलिस: गाडी न चालवणाऱ्या पाहुण्याने काय निवडावे?

अमेरिकेत मुलांकडे मुक्कामी गेलेल्या मंडळींना आणखी एखादे मोठे शहर पाहण्याची सवड असते आणि ह्यूस्टन व लॉस एंजेलिस यांपैकी एकच निवडायचे असते, तेव्हा प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या फारशा कामाला येत नाहीत. दोन्ही शहरे मैलोन्‌मैल पसरलेली आणि महामार्गांनी चिरलेली असल्यामुळे काय पाहायचे यापेक्षा तिथवर पोहोचायचे कसे, हा प्रश्न आधी येतो. निर्णयही त्यावरच व्हावा, असे माझे मत आहे.

ह्यूस्टनची जमीन सपाट आहे. वाढीला अडवणारा डोंगर नसल्याने शहर ६१० क्रमांकाचा वळसा घालणारा महामार्ग, त्याबाहेर बेल्टवे ८ आणि त्याच्याही बाहेर ग्रँड पार्कवे अशा एकाबाहेर एक कड्यांनी पसरत गेले. पश्चिमेकडचा केटी फ्रीवे २००८ पर्यंत रुंद करण्यात आला. लगतचे सेवारस्ते धरल्यास सर्वांत रुंद ठिकाणी त्याच्या २६ मार्गिका भरतात, तरीही काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. जमिनीच्या वापरावर नेहमीचे झोनिंग, म्हणजे कोणत्या भागात काय बांधावे याचे बंधन, नसल्यामुळे दातांचा दवाखाना, टायरचे दुकान, चर्च आणि काचेचे उंच कार्यालय एकाच रांगेत उभे दिसते. पहिल्या दिवशी याची गंमत वाटते, पण पुढे सगळेच भाग सारखे दिसू लागतात आणि आपण शहराच्या कोणत्या टोकाला आहोत, हे फलक वाचल्याशिवाय कळत नाही.

लॉस एंजेलिसमध्ये डोंगर आणि समुद्र यांमुळे दिशा हरवत नाही. वाहतुकीचा त्रास मात्र तिथे अधिक आहे. शेजारच्या पॅसाडेना शहराकडे जाणारा अरोयो सेको पार्कवे १९४० मध्ये खुला झाला आणि त्याचे काही प्रवेशमार्ग इतके आखूड आहेत की गाडी जवळजवळ उभ्या जागेवरून थेट वेगवान प्रवाहात घालावी लागते; नवख्या चालकाने तो टाळलेला बरा. ४०५ क्रमांकाच्या महामार्गाचे सेपुल्वेडा खिंडीतले रुंदीकरण २०१४ मध्ये संपले. त्यावर एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला, पण कोंडी कायम राहिली.

तरीही गाडीवाचून फिरणाऱ्याला लॉस एंजेलिसच अधिक सांभाळून घेते. पॅसिफिक इलेक्ट्रिक या जुन्या विद्युत रेल्वेची शेवटची प्रवासी सेवा १९६१ मध्ये बंद पडली होती; १९९० पासून रेल्वेचे नवे जाळे सेवेत येऊ लागले. ते २०१६ मध्ये सांता मोनिकाच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले आणि विमानतळासाठीचे मेट्रो स्थानक जून २०२५ मध्ये सुरू झाले. हॉलिवूड, डाउनटाउन, समुद्रकिनारा आणि पॅसाडेना ही ठिकाणे रेल्वेने जोडलेली आहेत. गेटी सेंटर या कलासंग्रहालयाला मात्र रेल्वे जात नाही, बस घ्यावी लागते. तिथे प्रवेश विनामूल्य आणि पार्किंगला पैसे, हा हिशोब या शहराला साजेसाच म्हणायचा.

ह्यूस्टनची लाल रेल्वेमार्गिका २००४ पासून धावते आणि डाउनटाउन, संग्रहालयांचा परिसर, हर्मन पार्क व टेक्सास मेडिकल सेंटर एवढ्यापुरती ती उत्तम आहे. उपचारांसाठी आलेल्यांना तर ती मोठीच सोय आहे. पण विमानतळांपैकी एकालाही शहराची रेल्वे जोडलेली नाही आणि ज्यासाठी अनेक पाहुणे येतात, ते नासाचे जॉन्सन अंतराळ केंद्र डाउनटाउनपासून सुमारे ४० किलोमीटर दूर आहे. अपोलो मोहिमांचा तिथला नियंत्रण कक्ष २०१९ मध्ये पूर्ववत सजवण्यात आला आणि केवळ त्याच्यासाठी ह्यूस्टनला जाणे मी योग्य मानतो.

हवामानाबाबत फार बोलायला नको: ह्यूस्टनचा उन्हाळा दमट आणि घामाघूम करणारा असतो, शिवाय जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ असतो, लॉस एंजेलिसचा उन्हाळा बहुतांशी कोरडा जातो.

म्हणून ओळखीचे कोणी नसेल आणि स्वतः गाडी चालवायची नसेल, तर लॉस एंजेलिस निवडावे. मुक्काम डाउनटाउन, कोरियाटाउन किंवा कल्व्हर सिटीत, मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्यावा. नातेवाईक शुगर लँडसारख्या उपनगरात राहत असतील आणि गाडीने फिरवायला तयार असतील, तर ह्यूस्टन अधिक निवांत आणि बहुधा स्वस्तही पडते. स्टॅफर्डचे स्वामिनारायण मंदिर तिथून जवळच आहे आणि हिलक्रॉफ्ट रस्त्यावरची भारतीय दुकानेही फार लांब नाहीत. अंतराळ केंद्रासाठी मात्र यजमानांच्या सुट्टीचा एक पूर्ण दिवस आधीच मागून ठेवावा.