इंडियन म्युझियम, कोलकाता: ममी शेवटी बघा, आधी जीवाश्म

इंडियन म्युझियमला सगळे जातात, ममी बघतात, फोटो काढतात आणि बाहेर पडतात. आमच्या टूरवाल्याने दीडच तास दिला होता, त्यात काय बघून होणार, म्हणून दुसऱ्या दिवशी मी आणि आई पार्क स्ट्रीट मेट्रोला उतरून परत गेलो आणि थेट अपृष्ठवंशीय जीवाश्मांची, म्हणजे पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांच्या फॉसिल्सची गॅलरी गाठली.

ट्रायलोबाइट (समुद्रातले कवचवाले प्राचीन जीव), शिंपले, समुद्री अर्चिन, सगळं बघत चाललो होतो आणि अमोनाइटपाशी, म्हणजे एका नामशेष समुद्री प्राण्याच्या गुंडाळलेल्या शंखापाशी, आई थबकलीच. "अगं, हा तर आपला शाळिग्राम!" आणि खरंच की! गंडकीच्या शाळिग्रामात जे चक्र दिसतं ते अमोनाइटच्या शंखाचे वेढे. तुळशीच्या लग्नात लहानपणापासून बघतोय, पण तो कोणे एके काळी जिवंत होता हे असं समोर बघून कळणं वेगळंच. दिसायला गोगलगायीसारखा, पण नात्याने माकूळ-ऑक्टोपसचा भाऊबंद. जरा वाकून बघा, वरचं कवच झिजलंय तिथे कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारखी नक्षीदार रेघ दिसते, ती आतल्या कप्प्यांच्या पडद्याची कड. प्राणी राहायचा सगळ्यात पुढच्या कप्प्यात, वाढला की मागे पडदा घालून पुढे सरकायचा, मागच्या कप्प्यांत वायू भरलेला त्यामुळे तरंगायला सोपं. मी त्या एका रेघेसमोर पंधरा मिनिटं तरी उभी होते.

हे सगळे अमोनाइट 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी डायनोसॉरबरोबर संपले, आणि त्याच सुमारास आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता, ज्याचा आपला सह्याद्री बनला. म्हणून किल्ल्यांवर कितीही भटकलं तरी अमोनाइट मिळत नाही, त्यासाठी समुद्रतळाचे खडक हवेत, कच्छ, स्पिती किंवा तमिळनाडूत अरियालूरकडचे. त्या दक्षिणेतल्या जीवाश्मांवर भूशास्त्रज्ञ फर्डिनांड स्टोलिच्काने जाडजूड ग्रंथ लिहिलेत. 1862 मध्ये भारताच्या जिऑलॉजिकल सर्व्हेत (भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यात) आला आणि 1874 मध्ये मध्य आशियातल्या यारकंदहून परतताना लडाखमध्ये वारला, अवघ्या 36 व्या वर्षी. फार वाईट वाटतं.

माझ्याकडून पाचपैकी पाच. मुलांना नेणार असाल तर साधं भिंग बरोबर ठेवा, सकाळी लवकर जा, सोमवारी बंद असतं.