ऑफिसच्या मालकाशी 'ग्रीन लीज' करून १४ महिने झाले, खरा अनुभव लिहितेय

बरेच जण विचारतात की हे ग्रीन लीज म्हणजे नक्की काय आणि त्याने बिल खरंच कमी होतं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. थोडक्यात, वीज वाचवायचा खर्च आणि फायदा मालक आणि भाडेकरूत कसा वाटायचा हे भाड्याच्या अॅग्रीमेंटमध्येच लिहून घेणं म्हणजे ग्रीन लीज. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आमचं ऑफिस बाणेरला, चौथा मजला, ४,८०० स्क्वेअर फूट, ६० च्या आसपास माणसं. मी अॅडमिन बघते, म्हणजे पाणी संपलं, एसी गार नाही, एसी जास्त गार आहे, सगळ्याला मीच. बिल्डिंगला सेंट्रल एसी आहे, गच्चीवर चिलर (एसीसाठी पाणी गार करणारं मशीन) आणि कूलिंग टॉवर (चिलरची उष्णता बाहेर टाकणारा), प्रत्येक मजल्यावर एएचयू, म्हणजे त्या गार पाण्याने हवा थंड करून मजल्यावर सोडणारं पंख्याचं युनिट. दिवे आणि कॉम्प्युटरचं महावितरणचं मीटर आमचं स्वतःचं, पण एसीचं सगळं मालकांच्या एचटी (हाय टेन्शन) कनेक्शनवर आणि ते बिल लिफ्ट, जिना, वॉचमन ह्यांच्यासोबत सीएएममध्ये (कॉमन मेंटेनन्सच्या खर्चात) स्क्वेअर फुटाने वाटलं जायचं. आता ह्यातली गंमत बघा. आम्ही एसी बंद ठेवला तरी आमचा हिस्सा तेवढाच आणि दुसऱ्या मजल्यावरच्या क्लासवाल्यांनी खिडक्या उघड्या टाकून १८ वर चालवला तरी त्यांचा हिस्सा तेवढाच. मालकांना तर काहीच फरक पडत नाही, बिल आलं की वाटून मोकळे. चिलर १५ वर्षांचा म्हातारा, पण नवीन घ्यायचा तर पैसे त्यांचे आणि बचत आमची, मग ते कशाला घेतील? आणि आम्ही कशाला घेऊ, उद्या जागा सोडली तर चिलर काय पिशवीत घालून नेणार का!

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये अॅग्रीमेंट रिन्यू करायचं होतं तेव्हा हा विषय निघाला. मालकांना आम्ही सगळे काकाच म्हणतो. काकांची मुलगी सिडनीला असते, बिल्डिंग मेंटेनन्सच्याच कामात आहे, ती सुट्टीला आली होती आणि मीटिंगला येऊन बसली. तिने सांगितलं की तिकडे नेबर्स नावाचं रेटिंग आहे, १९९८ पासून चालू आहे, आणि त्यात मालकाच्या ताब्यातली वीज म्हणजे चिलर, लिफ्ट, कॉमन दिवे ह्याचं रेटिंग वेगळं आणि भाडेकरूच्या ताब्यातली म्हणजे त्याचे दिवे आणि कॉम्प्युटर ह्याचं वेगळं. १,००० स्क्वेअर मीटरच्या वरचं ऑफिस विकताना किंवा भाड्याने देताना जाहिरातीत ते रेटिंग दाखवावंच लागतं. काका म्हणाले, अगं इथे भाडेकरू पार्किंग किती देता एवढंच विचारतो. जे खरंच आहे.

तर शेवटी ठरलं ते असं. प्रत्येक मजल्याच्या चिल्ड वॉटर लाइनवर बीटीयू मीटर (मजल्याने किती गारवा वापरला ते मोजणारं) आणि एएचयूला सब-मीटर बसवायचं, काकांच्या खर्चाने. एसीच्या बिलातला ३० टक्के भाग पूर्वीसारखा स्क्वेअर फुटाने आणि ७० टक्के वापराप्रमाणे. काका पंपांना आणि एएचयूंना व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) बसवतील आणि तो खर्च आमच्याकडून दर महिन्याला वसूल करतील, पण जेवढी बचत होईल असं इंजिनिअरने लिहून दिलंय त्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच. ही ८० टक्क्यांची आयडिया आमची नाही बरं का, न्यूयॉर्कमध्ये २०११ मध्ये असं कलम तयार झालं आणि ७ वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या एका वकिलांच्या फर्मच्या लीजमध्ये पहिल्यांदा वापरलं, काकांच्या मुलीनेच शोधून आणलं. इंजिनिअरचा अंदाज थोडा चुकला तरी भाडेकरूच्या खिशाला खड्डा पडू नये म्हणून २० टक्के बाजूला सोडायचे. मला हे कलम सगळ्यात आवडलं कारण आपल्याकडे कन्सल्टंटचा आकडा आणि लग्नातल्या मुलाचा पगार दोन्ही जरा वाढवूनच सांगितलेले असतात.

एक टीप, हे सगळं तोंडी ठेवू नका. आमच्या वकिलांनी लीव्ह अँड लायसन्सच्या अॅग्रीमेंटलाच परिशिष्ट जोडून एकत्र रजिस्टर करून घेतलं, त्याचा पुढे दोनदा उपयोग झाला.

आता अनुभव. पहिले तीन महिने नुसती भांडणं. मीटर लागल्यावर पहिल्याच महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबच्या एएचयूचं रीडिंग आमच्या जवळपास एक तृतीयांश आलं, लॅब सकाळी सहाला उघडते आणि रात्री नऊला बंद होते तरी! व्हॉट्सअॅप ग्रुपवर जो धुरळा उडाला तो विचारू नका, कोणी म्हणे लॅबवाले काकांचे नातेवाईक, कोणी म्हणे मीटरच फिक्स. शेवटी आमच्या बिल्डिंगचे इलेक्ट्रिशियन दादा पॅनल उघडून बसले आणि त्यांना दिसलं की तीन सीटींपैकी (मीटरसाठी वायरमधला करंट मोजणाऱ्या कड्या) एक उलटी बसवलीय. तीन फेजपैकी एक फेज वजा होतो, म्हणजे एक अधिक एक वजा एक, राहिला एकच. दहा मिनिटांचं काम. पण त्या दहा मिनिटांसाठी महिनाभर लोक एकमेकांशी लिफ्टमध्ये बोलत नव्हते. तेव्हा मीटर बसवला की पहिल्या आठवड्यात क्लॅम्प मीटर लावून ताडून घ्याच, बसवणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

मग हळूहळू मजा यायला लागली. दादा मला दर सोमवारी तासातासाचं रीडिंग पाठवतात आणि त्यात दुसऱ्या की तिसऱ्या सोमवारी बघते तर रविवारी दिवसभर आमचा एएचयू चालू! ऑफिस बंद, चिटपाखरू नाही. टायमरमध्ये कधीतरी कुठल्या तरी डेडलाइनसाठी रविवार टाकला होता आणि काढायचा राहिला, किती महिने चाललं होतं देव जाणे, कारण आधी कळायला मार्गच नव्हता. माझ्या मते ह्या पूर्ण प्रकरणातली सगळ्यात स्वस्त बचत हीच, शून्य रुपये.

व्हीएफडीचा फरक मात्र खरंच मानला. एएचयूचा पंखा ५० हर्ट्झवरून ४० वर आणला. वेग २० टक्केच कमी पण पंख्याची वीज साधारण निम्मी होते, कारण पंख्याची पॉवर वेगाच्या घनाप्रमाणे जाते, ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८. मला आधी पटलं नव्हतं, दादांनी मीटरसमोर उभं करून दाखवलं. वरून आवाजही कमी झाला, आता मीटिंग रूममध्ये ओरडावं लागत नाही.

तापमानावरून जे महाभारत झालं त्यावर वेगळा लेख होईल. अॅग्रीमेंटमध्ये लिहिलंय २४ ते २६. घरी नवीन एसी घेतला असेल तर बघितलं असेल, २०२० पासून स्टार लेबलवाले एसी चालू केल्यावर २४ वरच येतात, तो बीईईचा (केंद्र सरकारच्या वीजबचतीच्या ब्युरोचा) नियम आहे आणि एक डिग्री वर ठेवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते असं तेच सांगतात. कागदावर छान. पण आमच्याकडे पश्चिमेला पूर्ण काच, दुपारी चारनंतर त्या बाजूची मुलं भाजून निघतात आणि बरोबर समोर डिफ्यूझरखाली (एसीची हवा येते त्या जाळीखाली) बसणारी अकाउंट्सची ताई एप्रिलमध्ये शाल घेऊन. दोघांना एकच २५! आधी डक्टचे डँपर (हवा कमी-जास्त करायच्या झडपा) नीट करून घेतले, मग आठ पेडेस्टल फॅन आणले, त्याने २६ पण सुसह्य झालं. काचेला फिल्म लावायला मात्र सात महिने गेले कारण काच काकांची, ऊन आमचं, पैसे कोणाचे? त्याच दिवसांत काकांनी ग्रुपवर एम्पायर स्टेट बिल्डिंगचा व्हिडिओ टाकला की बघा, तिथे ६,५१४ खिडक्या काढून त्याच बिल्डिंगमध्ये कारखाना टाकून नव्यासारख्या करून परत बसवल्या. मी लिहिलं, काका, आपल्या चौदाच आहेत. दुसऱ्या दिवशी फिल्मवाला मोजमापाला आला.

एक गोष्ट वाईट झाली ती पण सांगते. फेब्रुवारीत दुपारी सगळ्यांचं डोकं जड व्हायला लागलं, जांभया, दोघी-तिघींनी तक्रार केली. कार्बन डायऑक्साइडचं छोटं मीटर मागवलं तर १,८०० पीपीएम! कोणीतरी बाहेरची हवा आत घेणारा डँपर जवळजवळ बंद करून ठेवला होता, कारण बाहेरची गरम हवा कमी आली की चिलरवर लोड कमी आणि रिपोर्टमध्ये आकडा छान. कोणी केलं ते कळलं नाही, मी विचारणं पण सोडलं. आता अॅग्रीमेंटमध्ये ओळ टाकून घेतलीय की १,००० च्या वर गेलं तर डँपर उघडायचाच, बिल गेलं खड्ड्यात. ही अशी बचत नको.

आता बचतीचा मुद्दा, ज्यासाठी तुम्ही इथपर्यंत वाचलंत. आधी आमच्या मजल्याला एसीचे महिन्याला पावणेचार हजार युनिट पडत होते असा अंदाज, आता तीन हजाराच्या आसपास. पाचवा हिस्सा कमी. पण ह्यात एक मेख आहे. काकांनी मे २०२४ आणि मे २०२५ ची तुलना करून जाहीर केलं की बघा किती कमी आलं, पेढे द्यायचेच बाकी होते. मी म्हटलं काका, ह्या वर्षी मे महिन्यात छत्री घेऊन फिरलोय आपण! २०२५ ला मान्सून २६ मेलाच पुण्यात आला, त्याआधी पण वळवाने झोडपलं होतं, एसी लागलाच कुठे. ती बचत वरुणराजाची, व्हीएफडीची नाही. खूप वाद झाला पण शेवटी परिशिष्टाने वाचवलं, त्यात लिहिलंय की वसुली इंजिनिअरच्या ठरलेल्या आकड्यावर, महिन्याच्या बिलावर नाही. आणि तुलना रुपयांत कधीच करू नका, मध्येच दर बदलतात, कोणत्या वेळेला स्वस्त आणि कोणत्या वेळेला महाग तेही बदलतं, युनिटच बघा. एचटीला तर २०२० पासून केव्हीएएचवर (नुसत्या युनिटवर नाही) बिल येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरी कामाला येते ते प्रमाण) बिघडला की तेवढ्याच कामाला जास्त पैसे. तो सुधारणारं कपॅसिटर पॅनल मालकाच्या ताब्यात असतं, ते नीट ठेवायची जबाबदारी त्यांच्यावर लिहून घ्या, आम्ही विसरलो होतो, मग घातलं.

काकांना काय मिळालं असं विचाराल तर मला वाटलं होतं विजेमुळे खूश असतील. नाही! टँकर. कूलिंग टॉवरमध्ये पाणी उडून जातं, ते उन्हाळ्यात टँकरने भरतात आणि तो खर्च जुन्या अॅग्रीमेंटप्रमाणे काकांच्याच अंगावर होता. चिलरवर लोड कमी म्हणजे पाणी कमी, एप्रिलमध्ये आठवड्याला दोन टँकर कमी आले तेव्हापासून काका खऱ्या अर्थाने आमच्या बाजूला आले. त्याआधी नुसते मुलीचं मन राखत होते असं माझं मत.

न जमलेल्या गोष्टी. तळमजल्यावरची बँक आलीच नाही, त्यांचे स्प्लिट एसी वेगळे आणि कुठलाही कागद सही करायला वरच्या ऑफिसची परवानगी लागते, ती अजून येतेय. त्यामुळे काकांचं बीईईच्या स्टारचं स्वप्न पण अडकलं. ते ऑफिस बिल्डिंगचं स्टार रेटिंग २००९ पासून आहे, वर्षाला दर स्क्वेअर मीटरला किती युनिट ह्यावर स्टार मिळतात, पण त्याला पूर्ण बिल्डिंगची वर्षाची बिलं लागतात आणि बँक बिल दाखवत नाही. क्लासवाले आले पण दर महिन्याला कुरकुर, त्यांचं म्हणणं ८० मुलं एका हॉलमध्ये बसली की उष्णता होणारच, त्यात आमची काय चूक? खरं सांगू, त्यांचं थोडं बरोबर आहे, माणसांच्या संख्येचा विचार आम्ही केलाच नव्हता. आणि ऑफिस अवर्सनंतर एसी हवा असेल तर अजूनही पूर्ण मजल्याचा चालू करावा लागतो, एक मुलगा रात्री नऊपर्यंत बसला तर ६० जणांचा एसी. त्याला मी फॅन दिलाय.

अजून एक, जागा सोडताना 'होती तशी करून द्या' हे कलम असतं ना, त्यात आम्ही आमच्या खर्चाने लावलेले सेन्सर आणि एलईडी पॅनल पण काढून जुन्या ट्यूब परत बसवायला लागल्या असत्या! ते वेळेत लक्षात आलं म्हणून बरं, काकांकडून पत्र घेतलं की राहू द्या. तुमच्याकडे हे कलम आहे का आजच बघा.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेतीन. अर्धा डँपरने खाल्ला आणि एक चिलरने, कारण मूळ दुखणं तेच आहे आणि ते तसंच आहे. आमचं अॅग्रीमेंट ३ वर्षांचं, त्यातलं एक संपलं, आणि नवीन चिलरचे पैसे वसूल व्हायला त्याच्या दुप्पट वेळ लागेल असं कोटेशनवरून दिसतं. काका म्हणतात लॉक-इन (जागा सोडता न येण्याची मुदत) वाढवा, मी घेतो. आमचे सर म्हणतात आधी चिलर घ्या, मग लॉक-इन बोलू. मी मधे सुचवलंय की आम्ही गेलो तर उरलेली वसुली पुढच्या भाडेकरूकडून, आमच्याकडून नाही, आणि त्या बदल्यात आम्ही दोन वर्षं वाढवतो. परवा पाठवलाय मसुदा. काकांचा निळा टिक आलाय, उत्तर नाही.