रिव्हर की ट्रायबल?

ब्रिटिश नौदलाच्या रिव्हर वर्गाच्या विनाशिका १९०३ पासून पाण्यात उतरू लागल्या. वेग जेमतेम साडेपंचवीस नॉट. आधीच्या विनाशिका चाचणीत तीस नॉट गाठत, म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. पण त्या जुन्या बोटींचा कासवाच्या पाठीसारखा पुढचा भाग लाटेत घुसायचा. रिव्हरचा उंच नाळेकडचा (पुढच्या टोकाचा) डेक लाटांवर चढायचा. उत्तर समुद्रात तोच कामी आला.

त्यानंतरचा ट्रायबल वर्ग म्हणजे ब्रिटिश नौदलाचे तेव्हाचे प्रमुख अॅडमिरल फिशर यांचा हट्ट: ३३ नॉट, टर्बाइन आणि कोळशाऐवजी तेल. वेग मिळाला, पण भूक अफाट आणि टाक्या लहान, त्यामुळे लांब पल्ला जमेना. धुराडी तीन ते सहा. सहावाली एकटी ‘वायकिंग’!

टॉर्पेडो नळ्या दोन्हींत दोनच, १८ इंची. तोफांत मात्र फरक. रिव्हरवर सुरुवातीला एक बारा-पाउंडर (सुमारे बारा पौंडांचा गोळा फेकणारी तोफ) आणि पाच सहा-पाउंडर होत्या. पुढे सहा-पाउंडर काढून एकूण चार बारा-पाउंडर केल्या. नंतरच्या सात ट्रायबलवर चार इंच व्यासाच्या नळीच्या दोन तोफा आल्या. मारा वजनदार, पण तोफा दोनच.

मला विचाराल तर रिव्हरच. ट्रायबल इंग्लंड-फ्रान्समधल्या अरुंद डोव्हरच्या सामुद्रधुनीपुरत्या ठीक.