‘नोंदणीकृत’ या एका शब्दानं माझी पाच वर्षं खाल्ली

ऑगस्ट २०२३ मध्ये जिल्हा परिषदेची भरती निघाली, तेव्हा मी लातूरच्या एका खासगी दवाखान्यात काम करत होते. नाइट संपवून तशीच, युनिफॉर्मवरच, महा-ई-सेवा केंद्रात गेले. आरोग्य सेविकेचा फॉर्म भरायचा होता. तिथल्या दादानं नाव, जात, बारावीचे मार्क भरून घेतले आणि विचारलं, “ताई, नर्सिंग परिषदेचा नोंदणी नंबर सांगा.” मी पर्समधून लॅमिनेशन केलेला डिप्लोमा काढला आणि कोपऱ्यातला ‘रजि. नं.’ वाचून दाखवला. त्यानं कागद हातात घेतला, उलटापालटा करून बघितला.

“हा तुमच्या संस्थेचा नंबर आहे. तुमचा कुठंय?”

माझा नव्हताच. असा काही नंबर असतो हेच मला त्या दिवशी कळलं. मागं रांग लागली होती. फॉर्म अर्धवट सोडून मी बाहेर आले आणि शेजारच्या टपरीवर दोन कप चहा घेतला. घरी जाऊन आईला काय सांगायचं ते सुचत नव्हतं.

२०१८ साली बारावी आर्ट्स झाले, ५८ टक्के. आमचं गाव औसा तालुक्यात. पेपरात घालून आलेलं एक पत्रक आबांनी जपून ठेवलं होतं: ‘नर्सिंग व मेडिकल असिस्टंट डिप्लोमा, दीड वर्ष, १०० टक्के नोकरी.’ संस्थेचं नाव मी लिहीत नाही. आता ते नाव राहिलेलंही नाही, ते पुढं येईलच. दुकानाच्या वर दोन खोल्या, जिन्यावर चपलांचा ढीग, आत टेबलामागं सर. माणूस फार गोड. आईला “माय, बसा” म्हणून स्वतः खुर्ची दिली, चहा मागवला. मी जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या सरकारमान्य डिप्लोमाचं, विचारलं तर हसले. “त्याला सायन्स लागतंय बेटा. आर्ट्सवाल्याला तिथं कोण उभं करतंय? आपला कोर्स जीएनएमच्या बरोबरीचाच हाय.”

हे पहिलं खोटं. एएनएम, म्हणजे आरोग्य सेविकेला लागणारा कोर्स, दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, आणि दोन्हींना आर्ट्सची मुलगी चालते. जीएनएमला बारावीत इंग्रजी आणि ४० टक्के मार्क लागतात. माझ्याकडं दोन्ही होतं. म्हणजे ज्या दारातनं मी सरळ आत जाऊ शकत होते, ते बंद आहे असं मला सांगितलं गेलं, आणि मी कुणालाही न विचारता विश्वास ठेवला.

आबा तसे कमी बोलतात. त्यांनी एकच विचारलं, “सरकारमान्य हाय का?” सरांनी उत्तर दिलं नाही. नुसतं भिंतीकडं बोट केलं.

भिंतीवर चार फ्रेमा होत्या. त्या चार फ्रेमांसाठीच हे सगळं लिहायला बसले आहे, म्हणून एकेक नीट सांगते. पहिली: ‘१८६०च्या कायद्यानुसार नोंदणीकृत’. हा संस्था नोंदणी कायदा. सात जण एकत्र आले, घटना लिहून अर्ज केला की संस्था नोंदवता येते. भजनी मंडळ याच कायद्याखाली नोंदवलं जातं, क्रिकेटचं मंडळही. त्यानं कोर्सला मान्यता मिळत नाही. दुसरी: आयएसओ ९००१. हे प्रमाणपत्र कामकाजाच्या पद्धतीचं असतं. वह्या, नोंदी, कार्यपद्धती ठरवून ठेवल्यात एवढंच ते सांगतं, आणि ते खासगी कंपन्या देतात. लोणच्याच्या कारखान्यालाही मिळतं. तिसरी: उद्योग आधार, आता त्याचं उद्यम झालंय. आपणच ऑनलाइन माहिती भरायची, फुकटात नंबर येतो, वर ‘भारत सरकार’ छापलेलं असतं. चौथी मात्र सगळ्यात भारी दिसायची, कारण तिच्यावर नीती आयोगाचं नाव होतं. तो एनजीओ दर्पणचा आयडी. स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणारं ते पोर्टल आहे, कोर्सशी त्याचा काडीचा संबंध नाही.

चारही कागद खरे होते, हे लक्षात घ्या. एकही बनावट नव्हता. सर तोंडानं कधी ‘मान्यताप्राप्त’ म्हणाले नाहीत, कायम ‘नोंदणीकृत’ म्हणाले. आपल्या कानाला दोन्ही एकच वाटतं. आबांनी फ्रेमा बघितल्या, वाचता येत होतं तेवढं वाचलं, मान हलवली.

फी ४८,०००, तीन हप्त्यांत. आईनं बचत गटातून शेकडा दोन रुपये व्याजानं ३०,००० उचलले, दोन शेळ्या विकल्या, उरलेले सोयाबीनच्या पट्टीवर भागवले. दहावी-बारावीच्या मूळ मार्कमेमो आणि टीसी सरांनी ‘व्हेरिफिकेशनला’ ठेवून घेतली. ती परत मिळाली शेवटचा हप्ता दिल्यावरच. मधेच शंका येऊन कोर्स सोडावा म्हटलं तरी टीसीशिवाय दुसरीकडं प्रवेश कसा घेणार?

शिकवणं म्हणजे वहीत लिहून घेणं. एका हातानं मोडका डमी, पाऱ्याचं एक बीपी मशीन, ३२ मुली. बीपी घ्यायला मी तिथं शिकले, हे कबूल करते. पेशंटला न उठवता, तो पलंगावर असतानाच चादर बदलायची, स्पंज द्यायचा, पेशंटला कुशीवर वळवायचं, हेही शिकले. एक निवृत्त ब्रदर यायचे, त्यांनी मनापासून शिकवलं. पण परीक्षेत वह्या उघड्या होत्या आणि मला ८२ टक्के मिळाले. पेपर कुठं तपासायला जातात असं विचारलं तर “दिल्लीला”.

मग सहा महिने ‘इंटर्नशिप’, २० खाटांच्या एका दवाखान्यात. बारा-बारा तास. बेडपॅन, डायपर, सलाईन बदलणं, रिपोर्ट आणायला पळणं, मावशी आल्या नाहीत तर फरशीसुद्धा. पैसे नाहीत, कारण ‘शिकताय ना’. तिथल्या बिलिंगच्या काकांनी नंतर सहज बोलता बोलता सांगितलं की दवाखाना प्रत्येक मुलीमागं महिन्याला ३,००० संस्थेला देत होता. मी फी भरून सहा महिने काम केलं आणि माझा पगार सरांनी घेतला. हिशेब करून बघा, मी करून थकले.

जानेवारी २०२० मध्ये एका हॉलवर कार्यक्रम झाला. काळी टोपी, फोटो, डिप्लोमा. आई लुगडं नेसून आली होती. कागदाला सोनेरी किनार, वर तीन सिंह. त्या सिंहांखाली ‘सत्यमेव जयते’ नव्हतं. आज मी कुठलाही कागद हातात घेतला की आधी तेच बघते, तेव्हा बघितलं नव्हतं. ज्या ‘कौन्सिल’नं तो दिला होता ती दिल्लीची कुठली तरी सोसायटीच होती. तीही नोंदणीकृत.

पुढच्या महिन्यात नोकरी लागली, ६,५०० पगारावर. सरांनी लावून दिली नाही, मीच शोधली. आणि मार्चपासून कोरोना. तेव्हा कुणी कुणाचे कागद बघत नव्हतं. पांढरा कोट घातला की सगळे ‘सिस्टर’च म्हणायचे, मीही ओ द्यायचे. गावात आईनं कधीच सांगून टाकलं होतं, पोरगी नर्स झाली.

आता एक गोष्ट सांगते, ती पैशांपेक्षा मोठी आहे. २०२१ मधली एक रात्र. जनरल वॉर्डात साखरेच्या एक आजी होत्या, रात्रीच्या जेवणाआधी १० युनिट इन्सुलिन लिहिलेलं. ट्रेमध्ये लाल टोपणाची सिरिंज होती. मी कुपीतून १० च्या रेषेपर्यंत भरून घेतलं आणि निघाले. इन्चार्ज सिस्टरनं सहज बघितलं आणि माझं मनगटच धरलं. “कुपी दाखव.” कुपी १००ची होती. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. लाल टोपणाची सिरिंज ४०च्या इन्सुलिनसाठी असते, १००ला नारिंगी टोपणाची. माझ्या हातात १० नव्हे, २५ युनिट होते. सुई टोचली असती तर मध्यरात्री आजींची साखर कुठं गेली असती, आणि झोपल्या आहेत असं समजून मी त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं असतं.

“तुला शिकवलं कुणी गं?” सिस्टर म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. मी संस्थेचं नाव सांगितलं. त्यांनी सिरिंज कचऱ्यात टाकली आणि नवीन स्वतः भरली.

इंजेक्शन देणं माझं कामच नव्हतं. रुग्णाला आंघोळ घालणं, भरवणं, चालवणं, ताप-बीपी लिहून ठेवणं, हे सहायकाचं काम. त्याचा खरा कोर्सही आहे, जनरल ड्युटी असिस्टंट नावाचा. आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेनं त्याचा अभ्यासक्रम ठरवलाय, परीक्षक बाहेरून येतो, आणि तो केलेली मुलगी स्वतःला नर्स म्हणवत नाही. ते काम इज्जतीचं आहे, पुण्या-मुंबईत त्याला मागणीही आहे. मला तोच कोर्स आहे असं सांगून शिकवला असता आणि त्याचे पैसे घेतले असते तर माझी काही तक्रार नव्हती.

तर, फॉर्मच्या त्या दिवसानंतर मी या इन्चार्ज सिस्टरकडंच गेले. त्यांनी कपाटातून आपलं महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं, म्हणजे नर्सिंग कौन्सिलचं, प्रमाणपत्र काढून दाखवलं. त्यावर त्यांचा स्वतःचा नंबर होता आणि वैधतेची तारीख. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. “कॉलेज संपल्यावर हा नंबर मिळत नसेल तर ते नर्सिंग नाही,” त्या म्हणाल्या. परिषदेकडं आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या वेबसाइटवर मान्य कॉलेजांच्या याद्या आहेत. मी मोबाइलवर लातूर जिल्हा काढून यादी तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचूनच कळलं होतं.

सरांकडं गेले तेव्हा ते रागावले नाहीत. “बेटा, मी सरकारी नोकरी म्हटलो होतो का कधी? पावतीवर बघ.” मी पावत्या काढल्या. पाच वर्षं पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. तिन्ही पावत्या ट्रस्टच्या नावानं, आणि ‘तपशील’ या रकान्यात बारीक अक्षरात एकच शब्द: देणगी. मी फी भरलीच नव्हती. आम्ही शेळ्या विकून देणगी दिली होती.

पोलीस ठाण्यात अर्ज घेतला, गुन्हा नोंदवला नाही. “तुम्ही कोर्स केला, सर्टिफिकेट मिळालं, फसवणूक कुठं झाली?” राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली. संस्थेनं उत्तर पाठवलं की विद्यार्थिनीनं अभ्यासक्रम समाधानानं पूर्ण केला आहे. वकिलांनी सांगितलं, ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जायला हवं होतं. आपण म्हणू की फसवणूक आत्ता कळली, पण पावतीवर देणगी आहे, ते भांडावं लागेल. मी भांडले नाही. पाठवलेल्या नोटिशीवरच थांबले, कारण वकिलांची पुढची फी हीच पुन्हा एक शेळी होती. माझ्या बॅचच्या ३२ पैकी सात जणींशी बोलले. दोघींनी तर डिप्लोमा फ्रेम करून देवघराशेजारी लावला होता, त्यांना हे सांगताना माझाच घसा बसला. सगळ्यांनी मिळून तेव्हाच अर्ज केला असता तर कदाचित वजन पडलं असतं.

एएनएमला वयाची अट १७ ते ३५ आहे, ते कळल्यावर मी २३व्या वर्षी पुन्हा प्रवेश घेतला, या वेळी यादीतल्या कॉलेजात. आता दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात मी सगळ्यात थोरली, पोरी मला ‘अक्का’ म्हणतात. आईला खरं काय झालं ते सांगितलंय, पण ती गावात अजून ‘वरची परीक्षा देतीय’ असंच सांगते. सांगू दे.

लॅब आणि एक्स-रेचे कोर्सही असेच विकले जातात. त्यासाठी महाराष्ट्र परावैद्यक परिषद आहे, २०११च्या कायद्यानं झालेली, तिथं विचारा. कुठल्याही संस्थेत गेलात तर भिंत वाचू नका. मान्यतेचं पत्र मागा, त्यावर परिषदेचं नाव, चालू वर्ष आणि याच कोर्सचं नाव आहे का बघा. गेल्या बॅचच्या एखाद्या मुलीचा नोंदणी नंबर मागा, तिला फोन लावा. पैसे भरताना पावती तिथंच, खुर्चीवर बसूनच वाचा. आणि मूळ टीसी कुणाच्या टेबलावर सोडून येऊ नका, झेरॉक्स द्या.

त्या दुकानावरचा फलक बदललाय. नाव नवीन आहे, जिना तोच. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका पोरीनं मला त्यांच्या पत्रकाचा फोटो पाठवला, ‘अक्का, इथं घेऊ का?’ म्हणून. वर तीन सिंह, खाली ‘भारत सरकार नोंदणीकृत’. मी तिला सांगितलं, काही बोलू नकोस, फक्त परिषदेचं पत्र माग. ती गेली. सर म्हणाले, “ते हेड ऑफिसला हाय बेटा, उद्या दाखवतो.” ती दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. काल तिचा मेसेज आला: सर म्हणतात, आज पैसे भरलेस तर पाच हजार कमी करतो.