एका कुरिअरशी थेट करार की अ‍ॅग्रिगेटर? खोका कोणाच्या पट्टीने मोजला जातो, ते आधी बघा

रोज पंधरा-वीस ते शंभर-सव्वाशे पार्सलं पाठवणाऱ्या ऑनलाइन दुकानाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. एखाद्या कुरिअर कंपनीत स्वतःचं खातं उघडून तिच्याशीच दर ठरवून घ्यायचे, की अ‍ॅग्रिगेटरकडे (कुरिअर कंपन्यांची सेवा विकणाऱ्या मध्यस्थाकडे) नोंदणी करून अनेक कंपन्यांचे दर एका डॅशबोर्डवर बघत प्रत्येक ऑर्डरला वेगळी निवड करायची? लेबल छापणं, पिकअप बोलावणं, ग्राहकाला ट्रॅकिंगची लिंक जाणं हे दोन्हीकडे होतं, त्यावर शब्द खर्च करत नाही. माझा कल थेट कराराकडे आहे. तो सगळ्यांना लागू पडेल असं मात्र नाही.

आधी दरांचं बोलू, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. कमी ऑर्डर असताना अ‍ॅग्रिगेटरचं रेटकार्ड स्वस्तच दिसतं. हजारो छोट्या दुकानांची पार्सलं एकत्र दाखवून त्याने कुरिअरकडून दर पाडून घेतलेला असतो आणि त्यातला थोडा हिस्सा तुम्हाला मिळतो. थेट करारात किमान मासिक संख्येची अट असू शकते, अनामत मागितली जाऊ शकते, शिवाय इंधन अधिभार आणि दुर्गम भागाचा अधिभार वेगळा लागू शकतो. पण रेटकार्ड शेजारी-शेजारी ठेवून निर्णय घेणं म्हणजे हॉटेलचं जेवण मेनूकार्डावरून जोखणं. मागच्या महिन्यातल्या दोनशे ऑर्डर शीटमध्ये घ्या. प्रत्येकीपुढे झोन, खोक्याची बाहेरची मापं, प्रत्यक्ष वजन आणि ती पोचली की परत आली हे भरा. मग दोन्हीकडचा पूर्ण खर्च काढा. परत आलेल्या पार्सलाचं भाडं जाताना आणि येताना असं दोनदा लागतं, आणि परतीचा दर काही ठिकाणी वेगळा असतो. हा रकाना भरला की दोन्ही बाजूंमधला फरक बऱ्याचदा आक्रसतो.

पोच ही अ‍ॅग्रिगेटरची खरी जमेची बाजू. एक कंपनी ज्या पिनकोडला जात नाही तिथे दुसरी जाते. एखाद्या हबवर काम तुंबलं तर त्या दिशेची पार्सलं दुपारपर्यंत दुसऱ्या कंपनीकडे वळवता येतात. थेट करारात तुम्ही अशा वेळी हात चोळत बसता. हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

त्या सोयीची किंमत मात्र पॅकिंगच्या टेबलावर मोजावी लागते. ‘सर्वांत स्वस्त कुरिअर’ असा नियम लावून ठेवला की चाळीस ऑर्डर चार कंपन्यांत विभागल्या जातात. मग चार पिकअप, चार मॅनिफेस्ट (सोपवलेल्या पार्सलांच्या याद्या) आणि चार ढीग. एका कंपनीचं पार्सल दुसरीच्या गोणीत गेलं की त्याचा पहिला स्कॅनच होत नाही. ट्रॅकिंगवर ‘लेबल तयार’ एवढंच दिसत राहतं आणि ते कुठे आहे हे दोन्ही कंपन्यांना सांगता येत नाही. उपाय साधा आहे, पण रोज पाळावा लागतो. प्रत्येक कंपनीला वेगळ्या रंगाचा क्रेट ठेवायचा, लेबल चिकटवताच पार्सल त्याच क्रेटमध्ये टाकायचं, आणि पिकअपवाल्याची सही घेण्याआधी नग मोजून मॅनिफेस्टशी जुळवायचे. शक्य असेल तर त्याच्यासमोर प्रत्येक एडब्ल्यूबी नंबर (लेबलवरचा पार्सलाचा ट्रॅकिंग क्रमांक) स्कॅन करून घ्यावा. लेबलवर चकचकीत टेप मारू नये, बारकोडवर झळाळी आली की स्कॅनर अडतो. लेबल खोक्याच्या सांध्यावर किंवा कडेवरही येऊ नये.

आता वजन. निर्णय इथे झाला, म्हणून जरा सविस्तर.

कुरिअरचं बिल प्रत्यक्ष वजन आणि व्हॉल्युमेट्रिक वजन यांतलं जे जास्त त्यावर लागतं, हे माहीत असेलच. व्हॉल्युमेट्रिक म्हणजे आकारावरून काढलेलं वजन: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं. येणारा आकडा पुढच्या अर्ध्या किलोच्या स्लॅबला नेऊन ठेवला जातो. पण 5000 हा काही सार्वत्रिक नियम नाही. कुठे भाजक 4000 असतो, कुठे 6000. तुमचा खोका 30 × 20 × 16 असेल तर घनफळ 9600. भाजक 5000 असेल तर 1.92 किलो, म्हणजे दोन किलोचा स्लॅब. भाजक 4000 झाला की तोच खोका 2.4 किलोचा होतो आणि अडीचच्या स्लॅबमध्ये जातो. आत वस्तू सातशे ग्रॅमची असली तरी बिलाला त्याचं सोयरसुतक नसतं.

त्यातच पुठ्ठ्याची एक गोम आहे. खोके बनवणारे सहसा आतलं माप सांगतात आणि कुरिअर बाहेरून मोजतो. तीन पदरी पुठ्ठ्याची जाडी साधारण 3 मिलिमीटर. लांबी-रुंदीत दोन्ही बाजू मिळून 6 मिलिमीटर वाढतात. उंचीत मात्र वर दोन आणि खाली दोन असे फ्लॅपचे चार थर येतात, म्हणजे 12 मिलिमीटर. आतून 30 × 20 × 16 असलेला खोका बाहेरून 30.6 × 20.6 × 17.2 भरतो. त्याचं घनफळ 10,842 आणि वजन 2.17 किलो. स्लॅब गेला. काही कंपन्या प्रत्येक माप पुढच्या पूर्ण सेंटिमीटरला नेतात, तिथे तो 31 × 21 × 18 धरला जाऊन 2.34 किलो लागतो. भरून टेप मारल्यावर झाकण फुगलं तर तेही धरा, कारण हबवरचं मोजणी यंत्र खोक्याचा सर्वांत बाहेरचा बिंदू पकडतं. मऊ पिशवीत पाठवत असाल तर पिशवीचा रिकामा कोपरासुद्धा लांबीत मोजला जातो. तो मागे दुमडून टेपने चिकटवावा आणि आतली हवा दाबून काढावी.

म्हणून वजनाच्या बऱ्याचशा तक्रारी मुळात आपल्याच मोजणीच्या असतात, हे कुरिअरला बोल लावण्याआधी कबूल केलेलं बरं.

हिशेब सुटतो तो खोका स्लॅबच्या आत बसवून घेतल्यावर. दोन किलोच्या स्लॅबला 5000 च्या भाजकाने 10,000 घनसेंटिमीटरची मर्यादा येते. बाहेरून मोजून 9000 च्या आसपास राहील असा खोका बनवून घेतला की फुगवटा, टेप आणि मोजणीतलं उणं-अधिक सगळं त्यात सामावतं. एका कंपनीशी करार असला की भाजक एक, पूर्णांकाचा नियम एक, स्लॅब एक. तीन-चार मापांचे खोके त्यांच्यावर बेतून घेतले की वजनाचा वाद जवळपास मिटतो. अ‍ॅग्रिगेटरकडे आज ज्या कंपनीला पार्सल गेलं तिचा भाजक वेगळा, उद्याच्या कंपनीचा वेगळा. एकच खोका सगळ्यांच्या पट्टीला पुरा पडत नाही. कडक मापाला बसेल असा बनवला तर माल मावत नाही, सैल मापाचा बनवला तर कपात होते.

आणि कपात होते तीही आधी. अ‍ॅग्रिगेटरचं वॉलेट बहुधा आगाऊ भरलेलं असतं. वजनात फरक आला की त्यातून रक्कम कापली जाते किंवा अडकवून ठेवली जाते आणि मग तुम्हाला हरकत घ्यायला थोडे दिवस मिळतात. तुमची हरकत अ‍ॅग्रिगेटर कुरिअरकडे पाठवतो, कुरिअरचं उत्तर तुमच्याकडे. खोका ज्याने कधी पाहिलाच नाही, त्याच्याशी खोक्याच्या मापावरून हुज्जत घालायची. याहून बोचणारी गोष्ट निराळीच. अशा सात-आठ कपाती एका दिवशी आल्या की वॉलेट किमान शिलकीच्या खाली जातं आणि पिकअपच्या तासाभर आधी लेबलं छापायची थांबतात. वादातला पैसा आजच्या ऑर्डर अडवून धरतो. थेट खात्यात उधारीवर काम असेल तर बिल पंधरवड्याने किंवा महिन्याने येतं. वादातल्या ओळी बाजूला काढून पुराव्यासह कळवायच्या आणि बाकीचं बिल भरायचं. ही सवलत करारात लेखी हवी, तोंडी आश्वासन बिलाच्या दिवशी कोणाला आठवत नाही. पैसा तुमच्या हातात असताना चाललेल्या वादाचा सूरच वेगळा असतो.

पुराव्याचं म्हणाल तर दोन्हीकडे तोच लागतो. तिन्ही बाजूंना मापपट्टी लावून तीन फोटो, चौथा वजनकाट्यावर, काट्याचा आकडा स्पष्ट दिसणारा. चारही फोटोंत एडब्ल्यूबीचं लेबल दिसलंच पाहिजे, नाहीतर फोटो दुसऱ्याच खोक्याचा आहे असं म्हणायला वाव राहतो. रोज प्रत्येक पार्सलाचे फोटो काढणं झेपत नाही. त्यापेक्षा ठराविक उत्पादन ठराविक खोक्यात जातं, अशी मापं आधीच नोंदवून मंजूर करून घेता येतात का ते विचारा. ही सोय थेट कंपनीकडेही मिळू शकते आणि काही अ‍ॅग्रिगेटरकडेही.

न पोचलेल्या पार्सलांच्या बाबतीतही मधला थर जाणवतो, फक्त कमी त्रासाचा. डिलिव्हरीवाला परत फिरला की कुरिअर कारणाचा कोड टाकतो: पत्ता अपुरा, ग्राहक हजर नाही, फोन लागला नाही, घेण्यास नकार. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असल्यामुळे अ‍ॅग्रिगेटर त्यांना आपल्या मोजक्या खणांत बसवतो. ‘पत्ता अपुरा’ आणि ‘ग्राहकाने दुसरी तारीख सांगितली’ ही दोन्ही ‘डिलिव्हरी झाली नाही’ या एकाच खणात पडली तर तुम्ही ग्राहकाला चुकीचा प्रश्न विचारता. पहिल्यात घराची खूण हवी असते, दुसऱ्यात काहीच करायचं नसतं. साधारण तीन प्रयत्नांनंतर पार्सल परतीला लागतं, त्यामुळे पहिल्या प्रयत्नानंतरचे काही तास मोलाचे. अ‍ॅग्रिगेटर घेणार असाल तर कुरिअरचा मूळ शेरा डॅशबोर्डवर दिसतो का, हे खातं उघडण्याआधी तपासा. जिथे दिसतो तिथे ही अडचण निम्म्याने कमी होते.

दुकानाचं सॉफ्टवेअर जोडण्यात अ‍ॅग्रिगेटर सोपा. एक एपीआय (दोन सॉफ्टवेअरना जोडणारा दुवा), तयार प्लगइन, दुपारभरात काम सुरू. थेट जोडणीत कागदपत्रं जुनाट असू शकतात, चाचणीचं खातं मिळायला वेळ लागू शकतो. दोन सावधगिऱ्या दोन्हीकडे लागतात. लेबलची विनंती टाइमआउट झाली म्हणून लगेच पुन्हा पाठवू नका. पहिली विनंती पलीकडे पोचलेली असेल तर एका ऑर्डरवर दोन एडब्ल्यूबी निघतात. संदर्भ म्हणून स्वतःचा ऑर्डर नंबर पाठवा आणि पुन्हा प्रयत्न करण्याआधी त्या नंबरवर लेबल निघालंय का ते विचारा. दुसरं, वेबहूक (पार्सलाची स्थिती बदलली की आपोआप येणारे निरोप) क्रमानेच येतील असं धरू नका. ‘डिलिव्हरीसाठी निघालं’ हा निरोप ‘पोचलं’ नंतरही येऊ शकतो. निरोप कधी मिळाला ते पाहू नका, घटना कधी घडली ती वेळ पाहून नोंद बदला.

कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे दोन्हीकडे ठरावीक चक्राने मिळतात. अ‍ॅग्रिगेटर लवकर देण्याची सोय ठेवतो, त्याचं शुल्क घेतो. जमा झालेली रक्कम एकूण बेरजेवर तपासू नका, एडब्ल्यूबीनिहाय जुळवा. राहिलेलं पार्सल बेरजेत दिसत नाही.

मग अ‍ॅग्रिगेटर कोणी घ्यावा? रोज दहाच्या आत ऑर्डर असतील, मालाची मापं दर वेळी बदलत असतील किंवा ऑर्डर दूरदूरच्या पिनकोडवर विखुरलेल्या असतील, तर बिनधास्त घ्यावा. तिथे खोका मापाला बसवून घेण्याचा फायदाच मिळत नाही, तेव्हा थेट कराराचं मुख्य कारण उरत नाही. ज्यांचा बराचसा माल तीन-चार ठरलेल्या खोक्यांत जातो, त्यांनी मात्र थेट कराराचा गांभीर्याने विचार करावा आणि जिथे ती कंपनी जात नाही तेवढ्या पिनकोडसाठी अ‍ॅग्रिगेटरचं खातं थोड्या शिलकीवर चालू ठेवावं. काही अ‍ॅग्रिगेटर तुमचं स्वतःचं कुरिअर खातं त्यांच्या डॅशबोर्डला जोडू देतात. सॉफ्टवेअर त्यांचं, दर आणि बिल तुमच्या कराराचं. लेबलमागे काही शुल्क जातं, पण वजनाचा वाद थेट कुरिअरशी राहतो.

करार करताना विक्री प्रतिनिधीकडून पाच गोष्टी लेखी घ्या: भाजक किती, माप पूर्णांकाला नेतात का, पहिला स्लॅब किती किलोचा, परतीचं भाडं कोणत्या दराने आणि वजनावर हरकत घ्यायला दिवस किती. पाचवीचं उत्तर ‘बघू, करू’ असं आलं तर दर कितीही गोड असला तरी सही लांबवा.

अ‍ॅग्रिगेटर सोडून थेट करारावर येणार असाल तर जुनं खातं लगेच बंद करू नका. वाटेतली पार्सलं, परतीची भाडी आणि उशिरा आलेले वजनफरक आठवडे उलटल्यावरही वॉलेटवर उतरत राहतात. तोवर थोडी शिल्लक ठेवा. डिलिव्हरीच्या पावत्या, वजनाचे फोटो आणि संपूर्ण लेजर खातं चालू असतानाच उतरवून घ्या, कारण लॉगिन गेलं की हरकतीचा पुरावाही गेला.